गंमत म्हणजे उथळपणा नव्हे

गोष्ट १९७४ सालची आहे. मी तेव्हा एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो. सातवीच्या वर्गावर शिवकालीन महसूल व्यवस्था रंगवून सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून बसलेला दिसला. इतका तल्लीन, की मी शेजारी जाऊन उभा राहिलो तरी त्याला पत्ता नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्यानं इंद्रजाल कॉमिक्सचा अंक धरला होता. वेताळाचा. अंगाला चिकटलेले कपडे, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. मी तो अंक उचलला, सगळ्या वर्गाला दाखवला आणि 'असला भिकार माल वाचून डोकी नासतात' असं म्हणून त्याचे दोन तुकडे केले. वर्ग हसला. मी समाधानानं पुन्हा महसुलाकडे वळलो.

तीसेक वर्षांनी एका लग्नात तोच मुलगा भेटला. मुलगा कसला, आता केस पिकलेले गृहस्थ. वाकून नमस्कार केला, चौकशी केली आणि हसत हसत म्हणाला, "सर, तो अंक माझा नव्हता बरं का. गल्लीतल्या वाचनालयाचा होता, भाड्यानं आणलेला. आईनं भाजीच्या पैशांतून भरपाई केली. त्याचंही काही नाही. पण सर, त्या गोष्टीचा शेवट काय झाला ते मला अजून ठाऊक नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मी त्या वेळी फिल्म सोसायटीचा उत्साही सभासद होतो. सत्यजित राय, बर्गमन, कुरोसावा यांच्या चित्रपटांवर तावातावानं बोलत असे. चित्रपट म्हणजे आशय, चित्रपट म्हणजे चिंतन, बाकीची सगळी करमणूक, अशी माझी सरळ विभागणी होती. वेताळ, सुपरमॅन, बॅटमॅन ही मंडळी अर्थातच पलीकडच्या खोलीत. निवृत्तीनंतर, काहीशा अपराधी भावनेनं, मी त्या पलीकडच्या खोलीत डोकावायला लागलो. तिथं काय सापडलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

सुरुवात १९३८ पासून करू. अमेरिका महामंदीतून अजून पुरती सावरलेली नव्हती. क्लीव्हलंड शहरातल्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू तरुणांनी एक नायक रचला होता. परग्रहावरून आलेला, अचाट ताकदीचा, आणि एरवी चष्मा लावून वर्तमानपत्रात नोकरी करणारा भिडस्त माणूस. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. त्याचे सगळे हक्क या दोघांनी १३० डॉलरला विकून टाकले होते. सीगलचे वडील १९३२ साली त्यांच्या कपड्यांच्या दुकानात चोरी झाली त्या प्रसंगात मरण पावले होते. पुढे मुलानं गोळी न लागणारा नायक निर्माण केला. यातला संबंध ज्यानं त्यानं लावावा.

आता गंमत पाहा. हा सुरुवातीचा सुपरमॅन कुणाशी लढतो? परग्रहावरच्या राक्षसांशी नाही. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला दम देतो. लाच खाणाऱ्या राजकारण्यांना वठणीवर आणतो. खाणीतल्या मजुरांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करणाऱ्या मालकाला त्याच्याच खाणीत कोंडतो. दहा सेंटच्या त्या रंगीत पुस्तकात मंदीनं गांजलेल्या माणसाची सगळी चरफड उतरली होती. आणि तरीही ती पोरांची करमणूकच होती. कुणी तिला सामाजिक आशयाची कलाकृती म्हटलं नाही, बनवणाऱ्यांनी तर नाहीच.

मी आज रेडिओवरून बोलतो आहे, म्हणून एक रेडिओचीच गोष्ट सांगतो. १९४० पासून अमेरिकेत सुपरमॅनची श्राव्य मालिका सुरू झाली. बड कॉलियर हा नट क्लार्क केंट आणि सुपरमॅन अशा दोघांचाही आवाज काढत असे. कपडे बदलायची वेळ आली की बोलता बोलता त्याचा आवाज खाली उतरे, भारदस्त होई, आणि ऐकणाऱ्या पोरांना कळे की आता चष्मा गेला, झगा आला. सुपरमॅनला निष्प्रभ करणारा क्रिप्टोनाइट नावाचा दगडही आधी या रेडिओ मालिकेतच आला, नंतर छापील कॉमिक्समध्ये.

१९४६ च्या उन्हाळ्यात या मालिकेत एक कथा सोळा भागांत ऐकवली गेली. एक चिनी कुटुंब शहरात राहायला येतं. त्यांचा मुलगा बेसबॉल चांगला खेळतो, म्हणून त्याला संघात जागा मिळते आणि दुसऱ्या एका मुलाची जागा जाते. त्या दुसऱ्या मुलाचा काका एका गुप्त संघटनेचा म्होरक्या असतो. पांढरे झगे, डोक्यावर टोप, रात्री पेटवलेले क्रूस. नाव बदललेलं होतं, पण कू क्लक्स क्लॅनबद्दल बोलणं चाललं आहे हे शाळकरी पोरालाही कळत होतं. कथेतला सगळ्यात धारदार प्रसंग सुपरमॅनचा नाहीच. स्थानिक म्होरक्या आपल्या वरिष्ठाकडे जातो आणि वंशशुद्धीच्या गोष्टी बोलायला लागतो, तेव्हा तो वरिष्ठ त्याला जवळजवळ वेड्यातच काढतो. हे सगळं तू खरं समजलास की काय? अरे, हा धंदा आहे, झगे विकायचे आणि वर्गणी गोळा करायची! मुलांच्या करमणुकीच्या कार्यक्रमात, खाण्याच्या जिनसांच्या जाहिरातींच्या मध्ये, द्वेषाचं अर्थकारण इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं गेलं. अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत तेव्हा गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळासुद्धा वेगळ्या होत्या, हे लक्षात घ्या.

पडद्यावर मात्र त्या काळात फारसं हाताला लागत नाही. १९४१ साली 'कॅप्टन मार्व्हल'ची बारा भागांची मालिका आली, १९४३ मध्ये 'बॅटमॅन'ची पंधरा भागांची. थोड्या पैशांत, घाईघाईनं काढलेले हे भाग दर आठवड्याला एक असे मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवले जात. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात. १९४८ च्या 'सुपरमॅन'मध्ये नट उडी मारतो आणि पुढच्या क्षणी पडद्यावर चक्क हाताने काढलेलं चित्र उडायला लागतं. पोरं तरीही टाळ्या वाजवत. युद्धकाळातल्या 'बॅटमॅन'मध्ये जपान्यांविषयीचा विखार इतका उघड आहे, की आज पाहताना मान खाली जाते. निखळ करमणूक निरुपद्रवीच असते असं समजू नये, एवढं त्यातून शिकता येतं.

मग आले माझ्यासारखे मास्तर. १९४८ मध्ये अमेरिकेत काही गावांतून कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या. शाळकरी मुलांकडूनच घरोघरची पुस्तकं गोळा करवून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली ती जाळण्यात आली. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक निघालं. कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगारीकडे वळतात, असा त्याचा दावा. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीनं सुनावण्या घेतल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक कडक आचारसंहिता लादून घेतली. हा वर्थम कुणी दुष्ट माणूस नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्यानं मानसोपचाराचं केंद्र चालवलं होतं. शाळांमधल्या वंशभेदानं मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याबद्दलची त्याची साक्ष त्या भेदाविरुद्धच्या कायदेशीर लढाईत उपयोगी पडली. पण कॉमिक्सच्या बाबतीत त्यानं मुलांच्या जबान्या सोयीप्रमाणे बदलल्या, जोडल्या, गाळल्या, हे त्याच्या कागदपत्रांचा अभ्यास करून कॅरल टिली या संशोधक बाईंनी २०१२ मध्ये दाखवून दिलं. भल्या हेतूचा माणूस, आणि न वाचताच निकाल ठरलेला. मला हे वाचताना सातवीचा वर्ग आठवला.

आचारसंहितेनं कॉमिक्समधली धग काढून घेतली आणि उरली ती निर्धोक गंमत. तिचं शिखर म्हणजे १९६६ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर आलेली 'बॅटमॅन' मालिका. अ‍ॅडम वेस्ट हा नट त्यात बॅटमॅन झाला होता. मारामारी सुरू झाली की 'धाड', 'ढिशूम' असे शब्द रंगीत अक्षरांत पडद्यावर उमटायचे. खलनायकाच्या अड्ड्यात शिरलं की कॅमेरा तिरका व्हायचा. त्याच वर्षी निघालेल्या चित्रपटात एक प्रसंग आहे. बॅटमॅनच्या हातात पेटलेला बॉम्ब आहे आणि तो फेकायला त्याला धक्क्यावर जागाच सापडत नाही. इकडे धावावं तर जोगिणी, तिकडे बाबागाडी घेतलेली आई, पाण्याकडे जावं तर होडीत प्रेमिकांचं जोडपं, दुसरीकडे बदकाची पिल्लं. घामाघूम होऊन बॅटमॅन धावतो आहे.

हा प्रसंग मी प्रथम पाहिला तेव्हा पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा जरा थांबलो. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून बदकाच्या पिल्लांपर्यंत विचार करणारा हा एवढाच बॅटमॅन. पुढच्या गंभीर बॅटमॅनांनी शहरंच्या शहरं धुळीला मिळवली, पण पिल्लांसाठी कुणी थांबलं नाही. अ‍ॅडम वेस्टच्या अभिनयाचं मर्म असं की तो स्वतः कधी हसत नाही. जगातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट करतो आहोत अशा चेहऱ्यानं तो सगळा वेडेपणा करतो. मुलांना ते साहस वाटायचं, मोठ्यांना प्रहसन. एकाच पंगतीत दोघांचं पोट भरायचं. लोकांनी मालिका डोक्यावर घेतली, आणि तिसऱ्या वर्षी, १९६८ च्या मार्चमध्ये, ती बंदही पडली. तीच थट्टा पुन्हा पुन्हा केली की तिचा रस आटतो. पण एक शिक्का मात्र बसला. सुपरहीरो म्हणजे चेष्टा.

हा शिक्का पुसण्याचं काम १९७८ मध्ये रिचर्ड डॉनर या दिग्दर्शकानं केलं. 'सुपरमॅन' काढायला घेतला तेव्हा आधीच्या पटकथेत विनोदाची खैरात होती. डॉनरनं ती बदलून घेतली. खरं वाटलं पाहिजे, हा त्याचा एकच हट्ट. त्या अर्थाचा एक इंग्रजी शब्द त्यानं पाटीवर लिहून कार्यालयात लावला होता म्हणतात. आता माणूस उडतो हे खरं कसं वाटावं? तंत्रज्ञांनी त्यासाठी जिवाचं रान केलं आणि दृश्य-करामतींसाठी विशेष ऑस्करही मिळवलं. पण मला विचाराल तर त्या चित्रपटातली सगळ्यात मोठी करामत तारांवर टांगून केलेली नाही.

प्रसंग असा. नायिका लुइस लेन आतल्या खोलीत आहे. बाहेर क्लार्क केंट उभा आहे, पोक काढलेला, खांदे पडलेले, आवाज चिरका. आपणच सुपरमॅन आहोत हे तिला सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो. पाठ ताठ होते, छाती रुंदावते, उंची वाढल्यासारखी वाटते, आवाज खोल जातो. तिचं नाव घेतो. आणि मग धीर होत नाही. चष्मा पुन्हा डोळ्यांवर, खांदे पुन्हा खाली, आवाज पुन्हा चिरका. कॅमेरा नुसता बघत राहतो. ख्रिस्तोफर रीव्ह या तेव्हाच्या जवळजवळ अनोळखी नटानं ते केलं आहे. रेडिओवर कॉलियर जे आवाजानं करत असे, ते यानं अंगानं केलं. हा प्रसंग गमतीचा आहे, कारण लपवाछपवीचा खेळ आहे. आणि तो खोलही आहे, कारण जो आपल्याला आवडतो त्याच्यापुढे आपलं खरं रूप उघड करायची भीती कुणाला वाटलेली नाही? त्या प्रसंगातून गंमत वेगळी काढा आणि खोली वेगळी काढा म्हटलं, तर मला जमणार नाही.

या चित्रपटाला आणखी एक बाजू आहे. तो तयार होत होता तेव्हा सीगल आणि शूस्टर साठीच्या घरात होते आणि हलाखीत होते. शूस्टरची दृष्टी अधू झाली होती. सीगलनं वर्तमानपत्रांना जाहीर पत्र लिहून दाद मागितली. व्यंगचित्रकारांच्या संघटना पाठीशी उभ्या राहिल्या. अखेर १९७५ च्या डिसेंबरात कंपनीनं दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलरचं मानधन आणि श्रेयनामावलीत नाव द्यायचं मान्य केलं. मार्लन ब्रँडोला थोड्या मिनिटांच्या भूमिकेसाठी त्याच चित्रपटात लाखो डॉलर मिळाले. बॅटमॅनच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या बिल फिंगरला तर त्याच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी, २०१५ मध्ये, अधिकृत श्रेय मिळालं. अन्यायाविरुद्ध लढणारे नायक ज्यांनी जन्माला घातले, त्यांच्या मदतीला कुणी उडत आलं नाही. करमणुकीला हलकं मानलं की ती करणाऱ्यांना कमी लेखणं सोपं जातं, हे मला इथं दिसलं.

लंबक पुन्हा फिरला तो १९८६ मध्ये. फ्रँक मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' आणि अ‍ॅलन मूर व डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन' ही कॉमिक्स त्या वर्षी यायला लागली. मुखवटा घालून रात्री-अपरात्री लोकांना बडवत हिंडणारा माणूस खरोखर कसा असेल? एकाकी, संतापी, कदाचित रोगट. हा प्रश्न विचारला गेला आणि या कथांकडे प्रौढ वाचक गंभीरपणे पाहू लागले. टिम बर्टनचा १९८९ चा 'बॅटमॅन' या वातावरणात आला. मायकेल कीटन या विनोदी नटाला नायक घेतला म्हणून चाहत्यांनी हजारो निषेधपत्रं धाडली. पुन्हा थट्टा होणार ही त्यांना धास्ती! प्रत्यक्षात निघाला काळोखा, धुरकट, कमानी आणि पुतळ्यांनी भरलेल्या शहराचा चित्रपट. त्याच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं. मग पुढच्या भागांत रंग चढत गेला आणि १९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये इतका भडक झाला की प्रेक्षकांनीच पाठ फिरवली. दिग्दर्शक जोएल शूमाकरनं पुढे चक्क माफी मागितली. आठ वर्षं बॅटमॅन पडद्यावर आला नाही.

इथं एक गफलत टाळायला हवी. 'बॅटमॅन अँड रॉबिन' पडला तो गमतीमुळे, असं तेव्हा सगळ्यांनी ठरवलं. मला तसं वाटत नाही. १९६६ ची गंमत करणाऱ्यांना त्या वेडेपणावर प्रेम होतं. १९९७ ची गंमत खेळण्यांच्या दुकानाकडे डोळा ठेवून केलेली होती. प्रेक्षकाला हा फरक कळतो, मुलांना तर लगेच कळतो.

२००० नंतर या चित्रपटांचा सुवर्णकाळ सुरू झाला. ब्रायन सिंगरच्या 'एक्स-मेन'ची सुरुवातच १९४४ सालच्या पोलंडमधल्या नाझी छळछावणीत होते. आईवडिलांपासून तोडलेला एक मुलगा लोखंडी फाटक नुसत्या इच्छाशक्तीनं वाकवतो. पुढे तोच खलनायक होतो आणि आपण त्याचा पुरता द्वेष करू शकत नाही. २००२ मध्ये सॅम रायमीचा 'स्पायडरमॅन' आला. त्याच्या पहिल्या जाहिरातपटात न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये विणलेलं कोळ्याचं जाळं होतं. २००१ च्या सप्टेंबरात ते मनोरे कोसळल्यावर तो जाहिरातपट मागे घ्यावा लागला.

रायमीच्या २००४ सालच्या दुसऱ्या भागात एक भरधाव आगगाडी थांबवण्याचा प्रसंग आहे. अक्षरशः पाच-सात मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसवणारी करमणूक. गाडी थांबते, स्पायडरमॅन बेशुद्ध होऊन पडायला लागतो, तेव्हा आतले प्रवासी हात पुढे करून त्याला धरतात आणि डोक्यावरून अलगद आत नेतात. त्याच्या चेहऱ्यावर मुखवटा नाही. सगळे बघतात तर काय, हा तर कोवळा पोरगा! आपल्याच घरातल्या मुलाएवढा. ते त्याचा मुखवटा परत देतात आणि कुणालाही सांगणार नाही असं कबूल करतात. ज्यांना वाचवलं तेच वाचवणाऱ्याला सांभाळतात. त्या आधीची धावपळ नसती तर या शांततेला किंमत आली नसती.

मग २००८ उजाडलं. एकाच उन्हाळ्यात दोन चित्रपट आले आणि दोन वाटा फुटल्या. मे महिन्यातला 'आयर्न मॅन' हसतखेळत, चटपटीत संवादांचा. जुलैमधला ख्रिस्तोफर नोलनचा 'द डार्क नाइट' पोलादी, गंभीर. दहशतीला तोंड देताना कायदा कुठवर वाकवायचा? सगळ्या शहराचे फोन चोरून ऐकणं क्षम्य आहे का? २००१ नंतरच्या अमेरिकेला छळणारे प्रश्न त्यानं मुखवट्याच्या गोष्टीत विचारले. जोकरची भूमिका करणारा हीथ लेजर चित्रपट लागण्याआधीच, जानेवारीत, वारला. त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात 'द डार्क नाइट'ला जागा मिळाली नाही. त्यावर इतकी ओरड झाली, की पुढच्याच वर्षी अकादमीनं नामांकनांची संख्या पाचावरून दहा केली. त्या निर्णयामागे ही ओरडही होती असं सर्रास मानलं जातं. पुढे २०१९ मध्ये 'ब्लॅक पँथर' सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनापर्यंत पोचला. त्याच वर्षी 'जोकर'नं व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह पटकावला. पलीकडच्या खोलीतली मंडळी दिवाणखान्यात येऊन बसली.

आणि नेमकं त्याच वर्षी मार्टिन स्कोर्सेसी बोलले. हे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, जत्रेतल्या पाळण्यांसारखा तो अनुभव आहे, अशा अर्थाचं त्यांचं विधान जगभर गाजलं. चाहते खवळले. पण स्कोर्सेसींनी नंतर सविस्तर लेख लिहून आपलं म्हणणं मांडलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. त्यांचा आक्षेप गमतीला नाही. हिचकॉकच्या चित्रपटांतही थरार होता, लोक तो लुटायला जात, असं तेच म्हणतात. त्यांचा आक्षेप आहे तो धोका न पत्करण्याला. बाजारपेठेची पाहणी करून, पारखून, पुन्हा पारखून बनवलेला माल. ज्यात कुणाला खरोखर काही गमवावं लागत नाही. आणि चित्रपटगृहं या मालानंच भरली तर बाकीच्यांनी जायचं कुठं, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

यावर मी बराच विचार केला. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक समान चूक आहे असं मला वाटतं. एक बाजू म्हणते, 'अहो, नुसती करमणूक आहे, एवढं काय मनावर घेता?' दुसरी म्हणते, 'आमचा चित्रपट बघा, केवढा गंभीर, केवढा अंधारलेला!' दोघंही धरून चालतात की गंमत वर तरंगते आणि खोली खाली असते. काळा रंग लावला, पाऊस पाडला, नायकाला कुढत बसवलं, की खोली आली. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅन हसत नाही, शहर उद्ध्वस्त होतं, शेवटी त्याच्या हातून खलनायकाचा जीव जातो. सगळं गंभीर आहे, आणि तरी मला तिथं रीव्हच्या त्या पडलेल्या खांद्यांइतकं काही सापडलं नाही. २०२५ मध्ये जेम्स गननं पुन्हा सुपरमॅन आणला, तोही झगा घातलेल्या वांड कुत्र्यासकट. दोन देशांच्या युद्धात नायकानं पडावं का, हा प्रश्न त्यातही आहे. आणि धुमश्चक्रीत तो एका खारीला वाचवतो. मला १९६६ ची बदकाची पिल्लं आठवली.

मॅनी फार्बर नावाच्या अमेरिकी समीक्षकानं १९६२ मध्ये एका लेखात कलेचे दोन प्रकार सांगितले होते. एक पांढऱ्या हत्तीची कला आणि दुसरी वाळवीची. पांढरा हत्ती आपण थोर आहोत हे सतत दाखवत असतो. वाळवीला थोरपणाची शुद्ध नसते. ती आपली समोरचं लाकूड कुरतडत जाते आणि बघता बघता कुठल्या कुठे पोचते. १९४६ ची ती रेडिओ मालिका वाळवीच्या जातीची होती. आगगाडीतला तो प्रसंगही त्याच जातीचा. आज कोट्यवधी डॉलर खर्चून बनणाऱ्या चित्रपटात वाळवी होऊन काम करणं अवघड आहे, कारण हत्तीवर फार पैसे लागलेले असतात. माझ्या मते खरी अडचण ही आहे. थोरपणाचा हट्ट आणि पैशाची भीती, दोन्ही सारखेच गमतीच्या मुळावर येतात.

मी मास्तर म्हणून मुलांना अभिजात वाचा म्हणून सांगत आलो, त्याचा मला पश्चात्ताप नाही. राय आजही मला तितकेच मोठे वाटतात. पश्चात्ताप एवढाच, की त्या दिवशी तो अंक फाडण्याआधी मी एकदा उघडून बघितला नाही. तो टाकाऊही असेल. पुष्कळ अंक टाकाऊच होते. पण ते वाचून म्हणता आलं असतं. आणि सातवीचा एक मुलगा भान हरपून वाचतो आहे, यात शिक्षकानं आनंद मानायचा की अपमान, एवढं तरी कळायला हवं होतं.

हल्ली पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत वेताळाचा अंक दिसला की मी विकत घेतो आणि माझ्या त्या विद्यार्थ्याला फोन लावतो. मुखपृष्ठावर काय आहे ते सांगतो. आतापर्यंत अकरा अंक झाले. तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "नाही सर, हा नव्हे." मग मी तो अंक घरी आणून शेवटपर्यंत वाचतो.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)